आधी प्लास्टिक ओळखा, मग सोल्युशनचा डबा उघडा



ऊस लागणीचा हिशेब मांडताना आपण बेणे, खत, मशागत, मजुरी असे सारे धरतो. पाइपलाइनच्या जोडाचा हिशेब मात्र कुणी धरत नाही. चैत्र-वैशाखात रात्रीची लाइट येते, मोटार चालू होते, आणि चारीत कुठे तरी एक जोड सुटतो. पाणी पोचायचे होते उसाला, ते जाते बांधाला. सकाळी दुकानातून सोल्युशनचा डबा आणायचा, ओल्यातच थापायचा आणि रात्री पुन्हा तोच जोड सुटलेला पाहायचा, हे आपल्या गटात नवे नाही. अशा चार दिवसांत पाण्याची एक पाळी जाते, आणि उन्हाळ्यातली गेलेली पाळी उसाच्या कांडीवर कायमची लिहिली जाते.

दोष बहुतेक वेळा सोल्युशनचा नसतो. ज्या प्लास्टिकला ते चालत नाही त्याला ते लावलेले असते, किंवा चालते त्याला घाईने लावलेले असते. म्हणून प्लास्टिक कोणते, त्याला कोणता डिंक आणि कोणत्या प्लास्टिकला कसलाच डिंक नाही, हा विषय या अंकात आपणांपुढे ठेवीत आहोत.

भुईगावचा दाखला

यासाठी आम्ही मुद्दाम दूरचा दाखला घेतो. पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्याच्या समुद्रकाठी भुईगाव आहे. भुईगाव बुद्रुक आणि भुईगाव खुर्द अशी त्याची दोन गावे. हा सारा पट्टा वाड्यांचा. भाजीपाला, केळी, फुलझाडे ही तिथली जुनी पिके. तिकडे साखर कारखाना नाही. पण १८८२ च्या जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात वसईच्या बागायतीत केळीबरोबर उसाचीही नोंद आहे, तेव्हा पाहुणे अगदीच परके नव्हेत. विहीर आणि बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे खोदीव तळे, यांवर तिथली बागायत उभी राहिली. पूर्वी रहाट फिरायचे, पुढे पंप आले आणि पंपाबरोबर पाइप आले.

समुद्राची खारी हवा लोखंडाला खाते. पत्रा, बोल्ट, जी.आय. पाइप हे घाटावर जितके टिकतात तितके किनाऱ्यावर टिकत नाहीत. त्यामुळे तिथल्या वाडीत प्लास्टिक हे लोखंडाच्या जागी बसलेले साहित्य झाले आहे. अशा एखाद्या वाडीतून चक्कर मारली तर पंपाचा राखाडी पीव्हीसी पाइप, काळा पॉलिथिनचा पाइप, ठिबकच्या बारीक नळ्या, पाण्याची टाकी, पाठीवरचा फवारणी पंप, हिरवा लवचिक होज असे सारे वीस-तीस पावलांत दिसते. सगळ्याला आपण 'प्लास्टिक'च म्हणतो. पण तूर आणि तांदूळ दोन्ही धान्यच, म्हणून दोन्ही एकाच पाण्यात शिजत नाहीत, तसेच हे आहे.

आता हीच यादी आपल्या मळ्यात लावून बघा. राज्य सरकारने २०१७ साली ऊस ठिबकवर आणण्याचे धोरण जाहीर केले. त्याच्या आधीपासूनच आपल्यापैकी पुष्कळांनी ठिबक केले आहे. उपसा सिंचनाच्या लाइनी आहेत, शेततळी आहेत. म्हणजे भुईगावच्या वाडीत जे वीस पावलांत आहे, ते आपल्याकडे वीस गुंठ्यांत आहे. फरक तेवढाच.

डिंक चिकटतो तरी कसा?

अळवाच्या पानावर पाणी टाका. थेंब गोळा होऊन घरंगळतो, पान कोरडेच राहते. तेच पाणी दगडी पाटीवर टाका, ते पसरते. डिंकाचेही असेच असते. जो पृष्ठभाग डिंकाला पसरू देतो तिथे डिंक धरतो, जिथे गोळा होतो तिथे वाळून पापुद्र्यासारखा निघून येतो.

शास्त्रज्ञ हा गुण डाइन प्रति सेंटीमीटर या मापात मोजतात. पॉलिथिनचे माप सुमारे ३१, पॉलिप्रॉपिलीनचे जवळजवळ तितकेच, आणि पीव्हीसीचे सुमारे ३९. स्वच्छ धातूचे कित्येक शेकड्यांत. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन अळवाची पाने आहेत, एवढे ध्यानात ठेवा. त्यांना घासा, पुसा, भारीतला भारी डिंक लावा, बाजारातला नेहमीचा डिंक पाण्याच्या दाबाला त्यांवर टिकत नाही. कारखान्यात ज्योतीने किंवा विजेच्या ठिणग्यांनी त्यांचा पृष्ठभाग बदलतात आणि मग छपाई किंवा चिकटकाम करतात. बांधावर ते होत नाही.

पीव्हीसीचे उलट आहे. आपण ज्याला सोल्युशन म्हणतो तो खरे म्हणजे डिंकच नव्हे. त्यात पीव्हीसी विरघळवणारी द्रवे असतात आणि त्यांत पीव्हीसीचीच भुकटी विरघळलेली असते. लावले की पाइपाची आणि सॉकेटची वरची कातडी मऊ होते, दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि मागे एकजीव पीव्हीसी उरते. म्हणजे ही चिकटवण नाही, सांधण आहे. नीट केलेला जोड पाइपाइतकाच मजबूत होतो, तो यामुळे. आणि हेच सोल्युशन पॉलिथिनवर फुकट का जाते, तेही यावरून कळते. पॉलिथिन त्या द्रवात विरघळतच नाही, मग सांधणार काय?

बादलीची परीक्षा

मग ओळखायचे कसे? बादलीभर पाणी घ्या, त्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे बुडबुडे चिकटून राहणार नाहीत. ज्या वस्तूचा संशय आहे तिचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा.

तरंगला, तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन. पाण्याचे वजन १ धरले तर पॉलिथिन ०.९१ ते ०.९६ आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे ०.९० भरते. काळा एच.डी.पी.ई. पाइप, ठिबकची नळी, टाकी, फवारणी पंपाची टाकी, खुर्ची हे बहुधा तरंगणारेच.

बुडाला, तर ते दुसरे काही. पीव्हीसी सुमारे १.४, ॲक्रिलिक १.१८, नायलॉन १.१४, एबीएस सुमारे १.०५. पीव्हीसी दगडासारखा तळाला जातो, एबीएस रेंगाळत बुडतो. भरीला चुन्याची भुकटी फार घातलेला हलका माल असेल तर तरंगणाराही बुडू शकतो, तेवढे ध्यानात असावे. थर्माकोलमध्ये हवा भरलेली असते, त्याला ही परीक्षा लागू नाही.

बुडाला म्हणजे डिंकाची आशा आहे, तरंगला म्हणजे डिंक विसरा. ही परीक्षा फुकटची आहे. काही जण तुकडा जाळून वासावरून ओळखतात. पॉलिथिनला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो हे खरे, पण पीव्हीसी जाळला तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. छातीला अपाय होतो. ते करू नये.

नव्या वस्तूवर बहुधा त्रिकोणात आकडाही असतो. २ म्हणजे एच.डी.पी.ई., ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन. घरी गेल्यावर एकदा टाकीखाली नि डब्याखाली बघा, पोरांनाही दाखवा.

पीव्हीसीचा जोड: घाई नको

पाइप घेताना भारतीय मानक ४९८५ आणि सोल्युशन घेताना भारतीय मानक १४१८२ यांची खूण पाहून घ्यावी. पाइपावर दाबाचा वर्गही छापलेला असतो, तो आपल्या पंपाच्या दाबाला पुरेल असाच हवा. मग पुढीलप्रमाणे करावे.

पाइप करवतीने काटकोनात कापा. तिरपा कापला की एका बाजूला जोड कमी पडतो. कडेचा भुसा काढून कानशीने कड थोडी उतरती करा, नाहीतर धारदार कड आत जाताना सोल्युशन पुढे ढकलत नेते. कोरडाच पाइप सॉकेटमध्ये घालून बघा. तो तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश जाऊन अडकला पाहिजे. सगळा आरामात आत गेला तर जोड सैल आहे, सोल्युशनने ती फट भरून निघणार नाही. सॉकेटची खोली पाइपावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.

दोन्ही तोंडे कोरड्या फडक्याने पुसा, चमक जाईल इतपत पॉलिश कागद फिरवा. पंक्चर काढणारा आधी ट्यूब खरवडतो ती काय हौस म्हणून नव्हे. सॉकेटच्या आत पातळ थर, पाइपावर जरा जाड थर. लगेच पाइप खुणेपर्यंत ढकला, जाताना पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. नाहीतर तो हळूच मागे सरकतो. बाहेर आलेले पुसून काढा. मग त्याला हात लावू नका. पाण्याचा पूर्ण दाब २४ तासांनी द्यावा.

ओल्या पाइपावर हे काम होत नाही. लाइनीतून थेंब थेंब येत असेल तर आधी लाइन रिकामी करा, तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, मग काम करा. डब्यातले सोल्युशन शिऱ्यासारखे घट्ट झाले असेल तर टाकून द्या. त्यात पेट्रोल किंवा थिनर घालून पातळ केलेले सोल्युशन पातळ दिसते एवढेच, सांधत नाही.

गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपाला त्याचेच वेगळे सोल्युशन घ्यावे. साधे पीव्हीसीचे त्याला चालत नाही.

आता जोडावर जोर किती येतो ते बघू. ११० मि.मी. पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटीमीटर. लाइनीत दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो दाब असला तर शेवटच्या टोपीवर ३८० किलोचा रेटा बसतो, म्हणजे जवळजवळ चार क्विंटल! बाकाला याहूनही अधिक. म्हणून बाक, टी आणि शेवट यांच्या मागे काँक्रीटचा ठोकळा हवा. तो नसेल तर जगातला कुठलाही डिंक कमीच पडेल. कॉक एकदम बंद केला की हा रेटा क्षणभर कितीतरी वाढतो. सबब कॉक हळू बंद करावा.

दुसरे ऊन. पीव्हीसीची १०० मीटर लाइन २० अंशांच्या फरकाने सुमारे १२ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक लांब-आखूड होते. भर दुपारी ताणून जोडलेली लाइन रात्री आखडते आणि जोड ओढते. जोडकाम आणि चारी बुजवणे सकाळच्या थंड वेळी करावे.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. कपलर वाचवण्यासाठी पाचट पेटवून पाइप तापवायचा आणि दुसऱ्या पाइपावर चढवून सॉकेट बनवायचे. एका बाजूला पाइप करपतो, दुसऱ्या बाजूला पातळ होतो. चार पैशांचा कपलर वाचतो आणि एक पाळी जाते.

काळा पाइप, ठिबक आणि टाकी

एच.डी.पी.ई. पाइपाला सोल्युशन नाही, हे आता पुन्हा सांगायला नको. त्याला दोनच मार्ग, तापवणे किंवा पकडणे. तापवताना दोन्ही तोंडे घासून सपाट करतात, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या गरम तव्याला, ज्याला मिस्त्री 'मिरर' म्हणतात, साधारण २०० ते २२० अंशांवर टेकवतात आणि तवा काढून ती एकमेकांवर दाबतात. भोवताली सारखी वळी उठली की जोड साधला समजावे. घरच्या तव्यावर अंदाजाने केलेल्या जोडात एक बाजू कच्ची राहते, पुढे ती रात्रीच्या दाबाला उघडते. यंत्र नसेल तर दाबून पकडणारे कॉम्प्रेशन फिटिंग वापरावे. ते उघडून पुन्हा बसवताही येते.

ठिबकच्या नळीला जॉइनर. नळीचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरले की मऊ होते, जॉइनर आत ढकलावा, गार झाल्यावर नळी त्याच्या खाचांवर आवळून बसते. तेल किंवा रॉकेल लावून घुसवू नये. नळी पुढे तिथेच निसटते. उपमेनला टेक-ऑफच्या ग्रोमेटभोवती पाणी येत असेल तर भोक खडबडीत आहे किंवा ग्रोमेट जुना आहे. ग्रोमेट बदला, वरून डिंक थापू नका.

काळ्या पाइपातून पीव्हीसीत जायचे असेल, किंवा पीव्हीसीतून लोखंडात, तर तिथे डिंक नव्हे, आटे किंवा रबर वायसर घातलेला फ्लँज लागतो. दुकानात एम.टी.ए. आणि एफ.टी.ए. म्हणून मिळतात ते तुकडे यासाठीच. आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी आणि हाताने आवळून पान्याने थोडेच पुढे न्यावे. प्लास्टिकच्या आट्याला पहिलवानी सोसत नाही.

पाण्याच्या टाकीला चीर गेली तर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी आणि गरम हवेची बंदूक घेऊन ती भरणारे कारागीर असतात. त्यांना बोलवावे. एम-सील लावून दोन दिवस निभावेल, पण तिसऱ्या दिवशी खपली निघेल. शेततळ्याच्या कागदाचेही तसेच. त्याचे मूळ सांधे गरम यंत्रानेच जोडलेले असतात, ठिगळही गरम हवेनेच लावावे.

फवारणी पंपाच्या टाकीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. ती तरंगणाऱ्या जातीची असते, म्हणजे तिला डिंक धरत नाही. चिकटवलेली टाकी उघडली तर औषध सरळ पाठीवर उतरते आणि कातडीतून अंगात जाते. गळकी टाकी चिकटवू नका, बदला.

मग बाकीचे डिंक कशाला?

प्रत्येकाला आपले काम आहे. फेविक्विकच्या जातीचा झटपट डिंक कडक एबीएस, ॲक्रिलिक, रबर यांच्या छोट्या तुकड्यांना चांगला. मोटारीच्या स्टार्टरची मोडलेली मूठ, मीटरच्या खिडकीचा तुकडा यांना लावावा. पण तो ठिसूळ असतो, धक्का आणि सततचे पाणी सोसत नाही. पाइपाला त्याचा उपयोग नाही.

अरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी धातू, फायबर आणि खरवडलेला कडक पीव्हीसी यांना धरतो. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत. जास्त हार्डनर घातला म्हणजे जास्त मजबूत, ही समजूत चुकीची आहे. फायबरच्या पत्र्याला किंवा टाकीला काचेचे कापड आणि रेझिन हाच खरा उपाय.

फेविकॉल लाकडाचा आणि कागदाचा. गुळगुळीत प्लास्टिकवर तो नुसता वाळतो. मात्र थर्माकोल जोडायचा तर तोच बरा, कारण रबर सोल्युशनने थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

मऊ हिरवा होज पीव्हीसीचाच असला तरी त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्य घातलेले असते. ते हळूहळू वर येते आणि डिंकाला सैल करते. होजला तोटी आणि क्लॅम्प, एवढेच करावे.

जिवाशी खेळ नको

सोल्युशनची वाफ हवेच्या सुमारे अडीचपट जड असते. ती खाली साचते आणि पेट घेते. विहिरीत, टाकीत, खोल चारीत बसून डबा उघडला तर आधी डोके जड होते, मग शुद्ध जाऊ शकते, आणि खाली पाणी असते. विहिरीतला जोड शक्यतो वरच करून, वाळवून आत सोडावा. उतरणे भागच असेल तर एकट्याने उतरू नये, कमरेला दोर असावा आणि वर माणूस असावा. खालचा माणूस गप्प झाला तर त्याच्या मागे उडी घेऊ नये, दोराने वर ओढावे. डब्याजवळ बिडी, काडी, चूल नको. डबा घट्ट लावून पोरांच्या हाताबाहेर ठेवावा.

भिंतीवर लावण्याजोगे

राखाडी कडक पीव्हीसी: पीव्हीसीचे सोल्युशन, कोरड्यात, २४ तास थांबून.
सीपीव्हीसी: त्याचेच सोल्युशन.
काळा एच.डी.पी.ई.: मिरर किंवा कॉम्प्रेशन फिटिंग.
ठिबक नळी: जॉइनर, गरम पाणी.
टाकी, शेततळ्याचा कागद: गरम हवा, त्याच जातीचे प्लास्टिक.
फवारणी पंपाची टाकी: बदला.
मऊ होज: क्लॅम्प.
फायबर: रेझिन आणि काचेचे कापड.
एबीएस, ॲक्रिलिकचे छोटे तुकडे: झटपट डिंक.
दोन वेगळी प्लास्टिके: आटे, फ्लँज, रबर.

सभासदांनी हे पान काढून पंपाच्या खोलीत, स्टार्टरच्या शेजारी डकवावे, अशी आमची विनंती आहे. उन्हाळा लागण्यापूर्वी एक दिवस काढून साऱ्या लाइनीवर दाब देऊन बघा. सुटणारा जोड दिवसाउजेडी सुटला तर डागडुजीला सवड मिळते. रात्रीच्या लाइटीत सुटला तर तेवढी पाळी गेलीच.